कोंढारगडाची खारी विहीर

पाहुणे, आधी एक घोट घ्या. हं, तोंड वाकडं करू नका! कोंढारगडावर पहिल्यांदा आलेल्याला या विहिरीचं पाणी चाखावंच लागतं. समुद्र कुठल्या कुठे, आणि कातळातल्या विहिरीला हे असलं खारं पाणी. मुळात ते असं नव्हतं. साखरेसारखं गोड होतं, म्हणे.

त्या काळी गडावर तुघान बेग नावाचा तुर्की सरदार राज्य करी. राज्य कसलं, एक गड आणि पायथ्याची मूठभर गावं! उत्तरेला बादशहा, दक्षिणेला सुलतान. दोघांचा धर्म एक, पण एकमेकांना पाण्यात पाहत. बेगाच्या बापाने बादशहाची चाकरी केलेली, बेगाने स्वतः सुलतानाची. दोघांचंही मीठ त्याच्या अंगात. आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर तलवार उचलायची नाही, ही त्या काळच्या शिपायाची सगळ्यात मोठी शपथ.

एका वैशाखात दोन्ही फौजा एकदमच गडाखाली येऊन ठेपल्या. निरोपही एकच, "उद्या दुपारपर्यंत दरवाजा आम्हाला उघड, नाहीतर गड जाळू." एकाला उघडावा तर दुसरा जाळणार. इकडे आड, तिकडे विहीर! खालच्या गावांतली पोरंबाळं जिवाच्या भीतीने गडावर आलेली. त्यांच्याकडे पाहून बेग भरल्या ताटावरून उठला.

ओढे, झरे सगळे आटले होते. फौजा तहानेने कासावीस झाल्या होत्या. पाणी होतं ते फक्त या विहिरीत, आणि ती खोदली होती गडावरच्याच सिदोजी नाईकाच्या आज्याने. बेग स्वतः नाईकाच्या दारी गेला.

"नाईक, तुमची विहीर मला द्या. पुन्हा ती गोड व्हायची नाही."

"करणार काय, बेगसाहेब?"

"दोघांनाही पाणी पाजतो. माझं मीठ घालून."

नाईक समजला. त्याचे डोळे भरून आले. "या कातळात माझ्या आज्याची बोटं गेली हो," एवढंच तो बोलला. मग उठला आणि मिठाचं पहिलं पोतं त्यानेच पाठीवर घेतलं. गडावरचं होतं नव्हतं ते मीठ विहिरीत गेलं. बायका काठावर उभ्या राहून रडल्या, असं सांगतात.

सकाळी बेगाने निरोप धाडला, "दरवाजाचं नंतर बघू. तहानलेल्याला आधी पाणी." सेनापतींना विषाचा संशय. त्यांनी आपापले पखालवाले, बिनहत्यारी, दरवाजातल्या छोट्या दिंडीतून विहिरीवर पाठवले. बेगाने त्यांच्यादेखत पहिली ओंजळ पिऊन दाखवली, तेव्हा कुठे पखाली भरल्या. पाणी मचूळ लागलं, पण तहानेला कसली चव? शिपाई प्याले, सेनापतीही प्याले.

दुपारी बेग एकटाच, बिनहत्यारी, दरवाजाबाहेर आला.

"पाणी खारं लागलं ना? ते माझं मीठ होतं. आता उचला तलवारी."

दोन्ही सेनापतींनी घसा फुटेस्तोवर हुकूम सोडले, म्हणे. पण एक म्हातारा शिपाई पुढे आला, त्याने तलवार म्यान केली आणि तो आला तसा चालू लागला. त्याच्यामागे दुसरा, मग रांगच लागली. दुसऱ्या फौजेतही तेच. अहो, एवढ्या फौजा हलत होत्या आणि तटावरच्या बाईच्या बांगडीचा आवाज ऐकू येत होता! अंगावर काटा येतो सांगताना.

गड वाचला, पण गोड पाणी गेलं ते गेलंच. मरेपर्यंत बेग खालच्या झऱ्यावरून स्वतः घागर वाहून आणी, पहिली घागर नाईकाच्या दारी. वाटेत ती हिरवी चादर घातलेली कबर पाहिलीत ना, ती त्याची. तिच्यावर फुलांआधी चिमूटभर मीठ ठेवतात.

किती पावसाळे या विहिरीत पडले असतील! तरी आजही अक्षय्यतृतीयेला सगळं गाव, मराठे काय नि मुसलमान काय, इथे जमतं. नाईकांची थोरली सून पोहरा ओढते. पाणी गोड झालं तर समजायचं, माणसं मिठाला जागेनाशी झाली. म्हणून सगळे जीव मुठीत धरून तिच्या तोंडाकडे बघत राहतात. ती घोट गिळते, तोंड वाकडं करते आणि आनंदाने ओरडते, "खारंच आहे गं बाई!"

तेव्हा कुठे गाव हात जोडतं.