विहिरीतले आंबट-तुरट दूत

ही गोष्ट मला सगळी बरोबर आठवत असेलच असं नाही. नगरावर राणी होती की राजा, हेही आता खात्रीने सांगता येत नाही. राणी होती असं धरून सांगतो.

फार पूर्वी एका नगरात एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत. सूर्याच्या भट्टीतून तेव्हा रोज इवले इवले दूत निघत आणि डोंगर, भिंती, माणसं यांतून आरपार जात. बहीण गणिती होती. नगराच्या खोल विहिरीत रोज नऊ दूत पडायला हवेत, असं तिचं गणित सांगत होतं.

भाऊ त्या विहिरीचा रखवालदार. दूत पडला की पाण्यावर तरंग उठे आणि पाण्याला क्षणभर चव येई. भाऊ लगेच ओंजळ भरून चाखे. सूर्याकडून गोडच दूत निघतात, हे सर्वांना ठाऊक होतं. म्हणून गोड लागलं की तो भिंतीवर रेघ ओढे. दुसरं काही लागलं की थुंकून टाके. विहीर जुनी, पाणी अधूनमधून बिघडायचंच, असं तो समजे.

रेघा रोज तीनच भरत.

राणी म्हणाली, "सूर्य तर चांगला तापतोय. म्हणजे चूक गणिताची. महिनाभरात नऊ दिसले नाहीत, तर गणितीबाईंनी नगर सोडावं."

त्या दिवशी जेवताना भाऊ म्हणाला, "ताई, उद्यापासून नऊ रेघा ओढतो. विहिरीत उतरून बघायला कोण येतंय?"

"मी येईन की," बहीण म्हणाली. "खोट्या रेघांवर माझं गणित उभं करणार होय रे? त्यापेक्षा मी सामान बांधते."

"मग काय, तीनच ओढू?"

"जे चाखलंस ते सगळं ओढ." मग तिला काहीतरी सुचलं. "तू थुंकतोस किती वेळा?"

"थुंकलेलं कोण मोजतं, ताई?"

"तू. उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी तोंड वेडंवाकडं करत त्याने प्रत्येक चवीची वेगळी रेघ ओढली. गोड तीन, आंबट तीन, तुरट तीन. तरंगही नीट पाहिले. नऊच्या नऊ सूर्याच्या बाजूनेच उठत होते.

राणी स्वतः विहिरीत उतरली, तिने चाखून बघितलं. "हे आंबट दूत सूर्याने कधी धाडले?"

"धाडले नाहीत," गणिती म्हणाली. "निघाले गोडच. वाट फार लांबची आहे, येता येता चव बदलत असावी. का बदलते, ते मला अजून माहीत नाही."

"आणि हा इतकी वर्षं त्यांना थुंकत होता?"

"रीतसर, राणीसाहेब," भाऊ खाली बघत म्हणाला.

राणीला हसू आवरेना. गणितीबाई नगरातच राहिल्या आणि विहिरीच्या भिंतीवर तीन रकाने झाले.

यातून घ्यायचं तात्पर्य इतकंच: गणित जुळेना तर आकडा बदलू नये, आपण काय मोजायचं सोडलं, ते आधी बघावं.

पुष्कळ वर्षांनी मी एक गोष्ट पडताळून पाहिली. सूर्यातून न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण निघतात. त्यांचे तीन प्रकार असतात, पण सूर्यात ते एकाच प्रकारचे जन्मतात. जमिनीखाली दोन किलोमीटर खोल, एका खाणीतल्या जड पाण्याच्या टाकीत ते मोजले, तेव्हा दर तीन कणांतला जेमतेम एक तसाच उरला होता. बाकीचे वाटेत बदलले होते, आणि सगळे मिळून गणिताइतकेच भरले.