पिठीची गोधडी

“मग ठेवून घेता का हिला, बाबा?”

शनिवारची सकाळची शाळा सुटली, तसे सबनीस मास्तर घरी गेले आणि पिठी कुत्रीला घेऊन थेट गावाबाहेर फकिराच्या तकियात आले. लालशा फकिराभोवती सात-आठ कुत्री असत. एकाच्याही अंगावर पिसू नसे.

फकिराने पिठीच्या शेपटीपाशी केस बाजूला केले. खाजवून खाजवून कातडी सोलवटली होती.

“औषध?”

“डॉक्टरांनी वजन करून दिलं, तेवढंच मानेवर घालतो. चार दिवस बरे जातात, की पुन्हा सुरू. शेजारी म्हणाले, गुरांचं गोचिडाचं औषध फवारा.”

“फवारलंत?”

“जीवशास्त्र शिकवतो मी, बाबा. ती अंग चाटते. मरेल.”

“वा! मग आम्हालाही शिकवा. पिसू राहते कुठं?”

मास्तर ताठ बसले. वर्गातला आवाज लागला.

“अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या, कोष, सगळा पसारा कुत्रं झोपतं तिथं...”

ते थांबले.

कुंपणावर कुत्र्यांची धुतलेली पोती वाळत होती. उठून त्यातलं एक फकिराने उन्हाकडे उलटलं.

“ही कशावर झोपते?”

“गोधडीवर. माझ्या बायकोनं शिवलेली... शेवटी तीच पांघरून होती कुमुद. पिठी पायाशी.”

“धुतली नाहीत?”

“फाल्गुनात वर्ष होईल. अजून तिचा वास आहे गोधडीला... म्हणून म्हणतो, पिठीला तुम्ही ठेवा.”

“म्हणजे जिवंत जीव आम्हाला, गोधडी तुम्हाला. वाटणी चांगली केलीत!”

मास्तर खाली बघत राहिले. पिठीने त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकली.

“बाई होत्या तेव्हा होत्या पिसवा?”

“छे! दर शनिवारी कढत पाण्यात गोधडी घालायची ती. मी शाळेतून येईपर्यंत तारेवर टाकलेली असायची. खाली पिठी, थेंब झेलत. आणि अंगणभर रिठ्याचा वास...”

मास्तर हसले. बऱ्याच दिवसांनी.

फकिराने पिठीची दोरी उचलून त्यांच्या हातात दिली.

“आज वार कोणता, मास्तर?”