बासनातलं पुस्तक

विणकरांच्या एका गावात लिंबाजी नावाचा कोष्टी राहत होता. त्याच्याकडे एक जुनं पुस्तक होतं. राग कसा आवरावा, दिलेला शब्द कसा पाळावा, असलं साधंच काही त्यात लिहिलेलं. लिंबाजी रोज सकाळी मागावर बसण्याआधी त्यातलं एक पान मोठ्याने वाची. शेवटचं पान झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं. मल्हारी आणि भुजंग हे त्याचे दोन्ही मुलगे ते ऐकत कामाला लागत.

लिंबाजी वारला. थोरल्या मल्हारीला ते पुस्तक उघडवेना. त्याने ते पोथीसारखं लाल बासनात बांधलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. रोज फूल वाहू लागला. पारोशाने कुणी शिवायचं नाही, असा दंडकच घातला.

पुढे भुजंगने एका लुगड्याला नव्या नक्षीचा काठ घातला. मल्हारीचं डोकं फिरलं. चार माणसांदेखत तो म्हणाला, "बापाच्या मागावर असले थेर चालायचे न्हाईत." भुजंग त्याच दिवशी बायकोला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. भावाभावांत अबोला आला आणि घरातला एक माग बंद पडला.

तेव्हापासून मल्हारीच्या सकाळी सुन्या झाल्या. वडिलांचा आवाज नाही, भावाच्या मागाची खटखट नाही. जीव कशातच रमेना. त्याने बाजारातून नवी पुस्तकं आणली. एखादं आठ दिवसांत सुखी करणारं, एखादं महिन्यात मोठा माणूस करणारं. एकेक पुस्तक तो एका बैठकीत संपवी आणि लगेच दुसरं शोधायला निघे. भावाच्या घराकडे मात्र त्याचं पाऊल वळलं नाही.

दसऱ्याला राहीआत्या घरी आली. मल्हारी बासनावर हळदकुंकू वाहत होता. ती म्हणाली, "पूजा झ्याक करतोस रं. वाचलंस कधी?"

मल्हारी ओशाळला. त्याने बासनाची गाठ सोडली. वाहिलेल्या फुलांच्या ओलीने पानं एकमेकांना चिकटली होती. एकेक पान तो जपून सोडवू लागला आणि सोडवता सोडवता वाचू लागला. समासात वडिलांनी पेन्सिलीने टिंबं दिली होती, दर वाचनाला एक. एका पानावर लिहिलं होतं, 'अबोला कोणीही धरलेला असो, दार आपण ठोठावावे.' शेजारी एकतीस टिंबं होती.

"एकतीसदा? आबांना तर हे पाठ असंल," मल्हारी म्हणाला.

"पाठ व्हतं की," आत्या म्हणाली. "पर तुझा बाप लई तापट. रोज वाचायचा म्हणून निभावलं."

मल्हारीला वडिलांची इतकी आठवण आली की तो आत्यासमोर ओक्साबोक्शी रडला. मग पुस्तक घेऊन तडक भुजंगच्या दारी गेला. काय बोलावं ते सुचेना. म्हणून त्याने दार ठोठावून तेच पान उघडलं आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून वाचू लागला. पण एकेका शब्दाला तो अडखळू लागला.

भुजंग बाहेर आला.

"वाचाय येईना व्हय दादा? आण हिकडं," असं म्हणून त्याने पुस्तक हातात घेतलं आणि उरलेलं पान वाचून काढलं. आवाज थेट लिंबाजीचा होता.

तात्पर्य: जुनं चांगलं पुस्तक पाठ झालं तरी रोज एक पान वाचावं, कारण शहाणपण कळायला एक दिवस पुरतो आणि विसरायलाही तेवढाच.