शेवंताचं नाव

"पण ते जातच नसेल तर, मावशी?"

शुभदानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दीनाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि वर पाहिलं.

"काय जात नाही?"

"मनातलं."

दीनाबाई लोंढे सत्तरीच्या होत्या. तीस वर्षं त्यांनी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून बाळंतपणं केली. लग्न केलं नाही. आता गावातल्या चर्चमागच्या एका खोलीत त्या एकट्या राहत. आसपासच्या वाड्यांवरच्या बाया अडल्यानडल्या वेळी त्यांना बोलावत, आणि मनावर ओझं असलं तरी त्यांच्याकडेच येत. दोन्ही वेळी त्या सारख्याच कमी बोलत.

शुभदा पगारे एकतीस वर्षांची. नवरा उपदेशक होता. आठ वर्षांपूर्वी काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती बालवाडी चालवायची, रविवारी मुलांची शब्बाथशाळा घ्यायची आणि तरुण मुलींपुढे पावित्र्यावर बोलायची. बोलणं धारदार. मागच्या वर्षी चर्चच्या मंडळीतल्या एका मुलीचं पाऊल घसरलं, तेव्हा तिला गायनमंडळातून काढा, असं भर सभेत उठून सांगणारी शुभदाच होती.

ती शुभदा आता दीनाबाईंसमोर मान खाली घालून बसली होती.

तिनं बरंचसं सांगितलं. माणूस मंडळीतलाच आहे, लग्न झालेला आहे. चार महिने झाले. अजून काही घडलेलं नाही. पण सकाळी साडी निवडताना आज तो भेटेल का, हे मनात येतं. प्रार्थनेला डोळे मिटले की आधी त्याचाच चेहरा समोर उभा राहतो. उपास करून झाले. थंड पाण्यानं अंघोळी करून झाल्या. आठ वर्षांत आपल्याला असं कधी झालं नाही, असं ती दोनदा म्हणाली.

नाव मात्र तिनं सांगितलं नाही. तो मनोहर मास्तर होता, ती गायची त्याच गायनमंडळात पेटी वाजवणारा.

आणखी एक गोष्ट तिनं गिळली. मास्तरांची बायको येत्या सोमवारी बाळंतपणासाठी माहेरी जाणार होती. त्यानंतरच्या बुधवारी दुपारी घरी ये, असं मास्तर म्हणाले होते. आणि ती हो म्हणाली होती.

"तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवा," शुभदा म्हणाली. "हे मुळासकट निघून जावं अशी प्रार्थना करा."

"तशी प्रार्थना मला येत नाही."

"म्हणजे?"

"मी सत्तर वर्षांची आहे, शुभदा... माझ्यासाठीही कुणाची लागू पडली नाही."

शुभदानं मान वर केली. सुरकुतलेला तो चेहरा, पांढरे केस, कपाळावर ओढलेला पदर. तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण दीनाबाई शांतपणे दाणे पाखडत होत्या.

"मग मी काय करू?"

दीनाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"त्याचं नाव मला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याच्या बायकोचं नाव मात्र रोज देवाला सांग."

"एवढंच?"

"जमलं तर बघ."

शुभदा थोडी नाराज होऊनच घरी गेली. तिला काहीतरी मोठं हवं होतं. चाळीस दिवसांचा उपास सांगितला असता, तर तिनं तोही केला असता.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुडघे टेकून बसली आणि नाव काही तोंडातून येईना. तिच्या ध्यानात आलं, की चार महिन्यांत आपण ते नाव मनातसुद्धा घेतलेलं नाही. 'त्यांच्या घरचं माणूस' म्हणायचो. नाहीतर नुसतं 'ती'. मास्तरांच्या बोलण्यातही ती 'आमची' एवढीच असायची. नाव घेतलं की ती बाई चेहऱ्यासकट समोर येऊन बसणार होती.

गुरुवारी जमलं नाही. शुक्रवारीही नाही.

शनिवारी सकाळी ती पुन्हा दीनाबाईंच्या खोलीवर गेली. हे आपल्याच्यानं होणार नाही, दुसरं काही सांगा, एवढं म्हणायला ती गेली होती. ती उंबऱ्याशी पोचली न पोचली तोच मागून कुणी धावत आलं.

मनोहर मास्तर होते. पायांत चप्पल नव्हती. शुभदाला पाहून ते उंबऱ्याबाहेरच थांबले. मग त्यांनी दीनाबाईंकडे तोंड करून कसंबसं सांगितलं, की बायकोला कळा सुरू झाल्यात, अजून चार आठवडे होते, तालुक्याला न्यायला जीप मिळत नाही आणि आता उशीरही झालाय.

दीनाबाईंनी पिशवी उचलली. उचलताना त्यांचं मनगट वळलं आणि चेहरा कळवळला.

"तू चल," त्या शुभदाला म्हणाल्या. "माझे हात पुरायचे नाहीत."

शुभदाला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. ती त्यांच्या मागोमाग निघाली. मास्तर पुढे जवळजवळ पळत होते आणि एकदाही मागे वळून पाहत नव्हते.

खोलीत एकच खिडकी होती आणि तिच्यातून उन्हाचा पट्टा थेट बाजेवर पडला होता. त्या उन्हात मास्तरांची बायको घामानं भिजून पडली होती. दीनाबाईंनी शुभदाला तिच्या पाठीशी बसवलं आणि तिचा भार अंगावर घ्यायला सांगितलं. शुभदानं तिला मागून कवेत घेतलं. ते अंग थरथरत होतं, तापलेलं होतं, आणि तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी हलकं होतं.

कळ आली की ती शुभदाचा हात धरायची आणि नखं रुतेपर्यंत दाबायची. कळ ओसरली की माफ करा म्हणायची.

आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. हे तिनंच सांगितलं, दोन कळांच्या मध्ये, तुटक तुटक. दोन्ही वेळा सातवा महिना होता. या खेपेला आठवा पूर्ण झाला म्हणून तिला आशा वाटू लागली होती.

मग तिनं मान वळवून शुभदाकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही प्रार्थना करा. तुम्ही निर्मळ आहात... तुमची देव ऐकेल."

शुभदानं नजर चुकवली.

तिनं दीनाबाईंकडे पाहिलं. त्या कामात होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. खोलीत फक्त धापा ऐकू येत होत्या. त्या पाठीची धडधड शुभदाला आपल्या छातीवर जाणवत होती.

"प्रभू..." ती म्हणाली आणि थांबली.

पुढची कळ आली. हातात पुन्हा नखं रुतली.

"प्रभू, शेवंता," शुभदा म्हणाली.

पुढे शब्दच सुचेनात. आठ वर्षं ती मंडळीसमोर सुंदर प्रार्थना करत आली होती. त्यातलं एक वाक्य तिला आठवलं नाही. शेवंता, एवढंच ती म्हणत राहिली. प्रभू, शेवंता. प्रत्येक कळेला, प्रत्येक श्वासाला. म्हणता म्हणता ती रडू लागली आणि रडणं कुणाचं, आपलं की शेवंताचं, हेही तिला कळेना.

दुपार कलली तेव्हा मूल आलं. मुलगी होती. निळसर, गप्प, ओल्या चिंधीसारखी.

दीनाबाईंनी तिचं तोंड बोटानं साफ केलं. पाठ चोळली. तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. मग त्यांनी आपलं तोंड त्या एवढ्याशा नाकातोंडावर ठेवलं आणि हलकेच फुंकर घातली. एकदा... दोनदा...

शेवंता विचारत नव्हती. तिनं डोळे गच्च मिटले होते.

तिसऱ्या फुंकरीनंतर ती छाती आपली आपण उचलली गेली. बारीकसा आवाज आला, मग मोठा, मग सगळं घर भरून गेलं.

बाजेवर रक्त होतं, शुभदाच्या पदरावर रक्त होतं, सगळीकडे घाम आणि पाणी. पवित्र म्हणजे धुऊन घडी घालून ठेवलेलं, कुणी हात न लावलेलं काहीतरी, असं ती इतकी वर्षं मुलींना सांगत आली होती. आणि या खोलीत जोरानं श्वास घ्यायचीही तिला भीती वाटत होती. कुणाची तरी चाहूल लागावी तशी.

दीनाबाईंनी मुलीला फडक्यात गुंडाळून शुभदाच्या हातांत दिलं.

"बापाला दाखवून आण."

"मी?"

"माझं काम उरलंय अजून."

मास्तर अंगणात कडुलिंबाखाली दगडावर बसले होते. तिला येताना पाहून ते उठले. डोळे लाल झाले होते. तिनं मुलीला त्यांच्या हातांत ठेवलं, आणि ठेवताना त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली.

तेच झालं. तीच ऊब, तीच ओढ. काही मेलं नव्हतं. हे सगळं पाहून आल्यावरही ते तसंच होतं, याची तिला भीती वाटली.

तिनं हात मागे घेतला.

"बुधवारी मी येणार नाही," ती म्हणाली. "कधीच येणार नाही. आणि गायनमंडळही मी सोडतेय."

मास्तर काहीतरी बोलायला गेले. मुलगी हातात वळवळली. त्यांनी खाली पाहिलं, आणि मग पुन्हा वर पाहिलं नाही.

"शेवंता बरी आहे," शुभदा म्हणाली आणि आत गेली.

तिनं बाज धुतली, कपडे पिळून वाळत घातले, शेवंताला गरम पेज भरवली. निघताना शेवंतानं तिचा हात गालाला लावला. शुभदानं तो काढून घेतला नाही.

दोघींची परतीची वाट शेतांमधून होती. ज्वारी निघून गेली होती, धसकटं उरली होती. वाटेत तिला त्या गायनमंडळातून काढलेल्या मुलीची आठवण झाली. उद्या उपासनेआधी तिच्या घरी जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. काय बोलायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "ते अजून आहे."

"असू दे. चाल."

दोघींनी एक बांध ओलांडला. मग शुभदाला राहवलं नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"म्हणून तर मला नेलंत ना तिथं..."

"मनगट दुखतंय म्हणून नेलं," दीनाबाई म्हणाल्या. "मूल निसटलं असतं हातातून."

शुभदा थांबली. तिनं त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथं लपवलेलं काही नव्हतं.

"तुम्हाला ठाऊकच नव्हतं?"

"काय ठाऊक नव्हतं, शुभदा?"

"ते मनोहर मास्तर आहेत, मावशी." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि येत्या बुधवारी मी जाणार होते... त्याच घरी. त्याच खोलीत."

दीनाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

त्यांनी मागे वळून पाहिलं. दूर ते घर दिसत होतं, तो कडुलिंब, दोरीवरचे ओले कपडे. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग वाकून पायांतल्या वहाणा काढल्या आणि तापलेल्या मातीत अनवाणी उभ्या राहिल्या. शुभदानं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

तिनंही चपला काढल्या.

"मग तुला तिथं मी नाही नेलं," दीनाबाई म्हणाल्या.