झारी की झारा

एकदा एक म्हातारे गुरुजी आपल्या जुन्या विद्यार्थ्याची शाळा पाहायला गेले. ही गोष्ट शांतपणे सांगायची असे मी ठरवले आहे, पण ते मला जमेल असे वाटत नाही.

विद्यार्थी आता स्वतः शिक्षक झाला होता. वस्तीवरची एकशिक्षकी शाळा, चार इयत्ता आणि एकच खोली. मुख्याध्यापक तोच, कारकून तोच, घंटा वाजवणाराही तोच. माणूस कष्टाळू होता, हे आधीच सांगून टाकतो. आळशी माणसावर रागावणे फार सोपे असते. तिसरीच्या वर्गाचा त्याला विशेष अभिमान होता.

"गुरुजी, माझी मुले घडाघडा वाचतात," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार आहेत. त्याआधी तुम्ही एकदा ऐकावे अशी इच्छा आहे."

"सगळी वाचतात?"

"एक सोडून." शिक्षकाने दाराकडे हात केला. तिथे चपलांच्या ढिगाशेजारी आठ वर्षांची एक मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. "ती कौतिका. टोपल्या विणणाऱ्या सोपानची मुलगी. ठार ढ आहे. 'झारी' हा साधा शब्द तिला वाचता येत नाही, झारा म्हणते! पंधरा दिवस रोज उभी केली, तरी झाराच. शेवटी बापाला सांगितले, हिच्या डोक्यात काही शिरत नाही, हिला घरीच कामाला लाव. आज तो दाखला न्यायला येणार आहे. तेही बरेच झाले म्हणा, साहेबांपुढे शोभा व्हायची नाही."

हे सगळे तो तिच्यादेखत बोलत होता. लहान मुलांना कान नसतात, अशी आपल्याकडच्या मोठ्या माणसांची ठाम समजूत आहे. कौतिकाने पुस्तक तोंडाशी आणखी जवळ धरले.

 गुरुजी पहिल्या रांगेतल्या मुलाजवळ मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वाच बाळ."

मुलाने मांडीवर पुस्तक उघडले. ओळीखालून बोट फिरवत त्याने खणखणीत आवाजात सुरुवात केली, "माळीदादा सकाळी लवकर उठले. माळीदादा झारी घेऊन आले..."

तेवढ्यात गुरुजींनी आपला रुंद पंजा पानावर ठेवला. अक्षरे पार झाकली गेली. शिक्षक गोंधळला. वाचणाऱ्या मुलाला मध्येच थांबवणे समजू शकते, पण हे काय? मुलगा मात्र मुळीच गोंधळला नाही. त्याचे बोट गुरुजींच्या हातावरून, बोटांच्या पेरांवरून सरकत राहिले आणि तोंडाने पाठ चालू राहिला. रोपे भिजली, फुले उमलली, पाठ संपला. गुरुजींनी दुसऱ्याच्या पुस्तकावर हात ठेवला, तिसऱ्याच्या, चौथ्याच्या. कोणीही अडखळले नाही. एका मुलीने तर गुरुजींचा हात पानावर असतानाच योग्य ठिकाणी पान उलटण्याचा प्रयत्न केला.

शिक्षकाचा चेहरा खुलला. झाकूनसुद्धा वाचतात, म्हणजे केवढी तयारी!

मग गुरुजी गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि चपलांपाशी जाऊन बसले. "आता तू."

"मा... ळी... माळी. दा... दा. माळीदादा." कौतिकाचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. प्रत्येक अक्षरावर ती थांबत होती, मागे जात होती, जोडून पाहत होती. दुसऱ्या वाक्याशी पोचेपर्यंत वर्गात चुळबुळ सुरू झाली. "झा... रा. झारा."

वर्ग खदखदून हसला. शिक्षक ओरडला, "झारी! किती वेळा सांगायचं? झारी!"

"सर, पण हितं झारा हाय," ती म्हणाली आणि मार चुकवावा तशी मान आत ओढून बसली.

गुरुजींनी तिच्याही पानावर हात ठेवला. ती थांबली. सगळे वाट पाहत होते, पण पुढचा शब्द येईना. तिने त्या हाताच्या कडेने वाकून पाहिले, मग धीर करून म्हणाली, "आजोबा, हात काढा की. दिसंना."

गुरुजींनी हात काढला. तिच्याकडून पुस्तक घेऊन ते शिक्षकापुढे धरले. "तू वाच."

"माळीदादा झारी घेऊन आले."

"पुस्तकात बघून वाच."

शिक्षकाने पाहिले. मग त्याने पहिल्या मुलाचे पुस्तक ओढून घेतले, दुसऱ्याचे घेतले, तिसऱ्याचे घेतले. सगळीकडे तेच छापलेले होते: माळीदादा झारा घेऊन आले. छापणाऱ्याने वेलांटीच्या जागी काना दिला होता. सगळ्या पुस्तकांत माळीदादा भजी तळायचा झारा घेऊन बागेला पाणी घालत होते, आणि ते एका मुलीखेरीज कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

इतका वेळ गुरुजींनी आवरून धरलेला राग आता बाहेर पडला.

"अरे, तुझ्या वर्गात एकच मूल वाचत होते, आणि त्यालाच तू शाळेतून काढायला निघालास! ही बाकीची मुले तुझा आवाज पाठ म्हणून दाखवतात. माझा हात मध्ये आला तरी त्यांचे काही अडले नाही, कारण पुस्तकाशी त्यांचा संबंधच नव्हता. हिचे अडले. जो खरोखर वाचतो त्याचेच अडते. ती सावकाश वाचते, हे मान्य आहे. अक्षराला अक्षर जोडायला तिला वेळ लागतो. तो वेळ तिला द्यावा, याचसाठी तुला इथे बसवले आहे. तिच्याजवळ कधी बसलास? तिचे बोट कोणत्या अक्षरावर आहे, ते एकदा तरी वाकून पाहिलेस? छापणाऱ्याच्या चुकीची शिक्षा पंधरा दिवस तू या पोरीला दिलीस. वर्ग हसत होता, तू ओरडत होतास, तरी पुस्तकात जे आहे तेच ती सांगत राहिली. तिच्या जागी मी असतो तर दुसऱ्याच दिवशी झारी म्हणून मोकळा झालो असतो."

शिक्षक खाली मान घालून उभा होता. एवढ्यात दारात सोपान आला. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"सर, दाखला घ्यायला आलोय."

"दाखला मिळणार नाही," शिक्षक कसाबसा म्हणाला. "तिला वाचता येतं. हळू वाचते, पण बरोबर वाचते. उद्यापासून मी रोज तिच्याशेजारी बसून ऐकणार आहे. बाकीच्यांनाही मला आता पहिल्यापासून शिकवायला पाहिजे."

सोपानला आनंद झाला असेल, पण तो चेहऱ्यावर आला नाही. तो लेकीकडे पाहत राहिला. मग त्याने सावकाश, अगदी साधेपणाने विचारले, "वाचता येत हुतं, तर मग पंधरा दिस उभी कशापायी केली हुती?"

शिक्षकाने आशेने गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी मान फिरवली. या प्रश्नाचे उत्तर त्यालाच द्यायचे होते.

"मी पुस्तकात बघितलंच नव्हतं," तो म्हणाला.

वर्गात कोणी हसले नाही. शिक्षक कौतिकाशेजारी जमिनीवर बसला, तिचे पुस्तक तिच्या हाती दिले आणि म्हणाला, "वाच. मला घाई नाही."

मूल अडखळले, तर त्याच्यावर डोळे वटारण्याआधी आपण त्याच्या पुस्तकात पाहावे.