अस्वलाचे रुतलेले नख

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. आणि मुलांनो, अस्वल कसले, पक्का पैलवानच तो! त्याने शड्डू ठोकला की माकडे भराभरा शेंड्यावर चढत. दर उन्हाळ्यात मोह फुलला की नदीच्या वाळूत कुस्तीचा आखाडा भरे. जो जिंकेल त्याच्या घरच्यांनी मोहाची गोड फुले आधी पोटभर खायची आणि बाकीच्यांनी उरलेली वेचायची, असा तिथला रिवाज होता. यंदा अस्वलासमोर दांडगे रानडुक्कर उभे राहणार होते. अस्वलाचे पिल्लू तर आतापासूनच नाचत सुटले होते, "माझे बाबा त्याला लोळवणार! फुलं आमचीच!"

पण बाबांनी एक गोष्ट सगळ्यांपासून लपवली होती. त्यांच्या मागच्या पायाच्या अंगठ्याचे नख कडेने मांसात रुतले होते. अंगठा लाल होऊन टरारून फुगला होता. ठणका लागला की अस्वल झुडपाआड जाई आणि नखाचा कोपरा दातांनी खोलवर कुरतडून टाकी. तेवढ्यापुरते बरे वाटे. पण नख पुन्हा वाढले की त्याचे टोक आणखी आत घुसे. एकदा वाटेत म्हातारी काटेरी साळू, म्हणजे साळिंदरीण, भेटली. जंगलातली दुखणीखुपणी तीच बघत असे. चाल पाहूनच ती म्हणाली, "पैलवान, नख रुतलंय ना? अहो, कोपरे कुरतडू नका, त्यानेच ते आत जातं! माझ्याकडे या, पाय कोमट पाण्यात भिजवू, नख सरळ कापू." अस्वल गुरगुरले, "एवढ्याशा नखासाठी मी वैद्य गाठू? जंगल हसेल मला! आणि खबरदार, कुणापाशी बोललीस तर!" साळू म्हणाली, "बरं बाबा, राहिलं," आणि आपल्या वाटेने निघून गेली.

कुस्तीचा दिवस उजाडला. काय गर्दी सांगू मुलांनो! हरणे, मोर, तरस, ससे, झाडून सगळे हजर! सलामी झाली, हात भिडले, वाळू उडाली. अस्वलाने असा काही कब्जा घेतला की डुकराचे पुढचे पाय अधांतरी! "पाडा, बाबा, पाडा!" पिल्लू बेंबीच्या देठापासून ओरडले. आता डुक्कर पडणार, पडलेच, आणि इतक्यात धडपडताना डुकराचा खूर नेमका त्या सुजलेल्या अंगठ्यावर आला. "आई गं!" अस्वलाने अशी किंकाळी फोडली की पाखरे उडाली. पकड सुटली, पाय दुमडला आणि आपले पैलवान चारी मुंड्या चीत! डुकरांनी एकच जल्लोष केला आणि सगळी मोहाकडे धावली.

अस्वल झाडाखाली अंगठा धरून बसले. पिल्लू जवळ आले. "बाबा, कधीपासून दुखत होतं?"

"बरेच दिवस झाले रे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"लाज वाटली. पैलवानाने रडायचं नसतं, असं वाटलं."

पिल्लाने मान खाली घातली. मग हळूच आपला इवलासा पंजा पुढे केला. त्याचाही अंगठा लाल झाला होता. "माझंपण नख दुखतंय, बाबा. पण मी कुण्णाला सांगितलं नाही. तुमच्यासारखं!"

अस्वल तसेच उठले. त्याने पिल्लाला उचलले आणि लंगडत, कण्हत, फुले खाणाऱ्या डुकरांच्या मधूनच साळूच्या घराची वाट धरली. "साळूताई! अहो साळूताई! आमची नखं रुतलीत हो!" सगळ्या जंगलाने ऐकले. कुणी हसलेही. अस्वलाने वळूनसुद्धा पाहिले नाही. साळूने दोघांचे पाय कोमट पाण्यात भिजवले, नखांच्या कडा मऊ झाल्यावर खाली सावरीच्या कापसाचा बोळा सरकवला आणि वाढलेले नख सरळ रेषेत कापले. पिल्लाला दोनच दिवसांत उतार पडला. बाबांच्या अंगठ्यात मात्र पू धरला होता. साळूने रोज पाला बांधायला बजावले आणि पाऊस येईपर्यंत आखाड्याचे नाव काढायचे नाही असा दम भरला. अस्वलाने निमूटपणे मान डोलावली. त्या उन्हाळ्यात बापलेकांनी उरलीसुरली फुले वेचून खाल्ली.

तात्पर्य : छोटे दुखणे लाजेने लपवू नये, ते आपल्याला तर आडवे पाडतेच, शिवाय आपले पाहून आपली मुलेही दुखणे लपवायला शिकतात.