तेलाचा धनी

जहाजं बोलत असत तेव्हाची गोष्ट. खाडीत एका जहाजाचं तेल सांडलं आणि कुर्ल्यांची बिळं बुजली. म्हातारी कुर्ली जाब विचारायला गेली.

"आजी, तेल व्यापाऱ्याचं, झेंडा तिसऱ्याच देशाचा. मी आपला नुसता तरंगतो," जहाज म्हणालं.

"बरं बाबा," म्हणत कुर्ली परतली.

ओहोटीला जहाज गाळात रुतलं. भरती आली तरी हलेना.

"आजी, तळाचा गाळ उकरता का?"

"गाळ नदीचा, ओहोटी चंद्राची. आम्ही आपल्या नुसत्या तिरप्या चालतो."

मग जहाज हळूच म्हणालं, "बिळं साफ करून देतो. पण तो व्यापारी?"

"त्याच्याशी तू भांड," कुर्ली म्हणाली. "आम्हाला तूच सापडलास."